एक नाव, पाच आजार : अंडाशयाच्या कर्करोगाच्या निदानात मिथिलीकरणाची जागा

अंडाशयाचा कर्करोग हे एकाच आजाराचे नाव नव्हे. अंडाशयात बीजपेशींच्या आणि आधारपेशींच्या गाठीही होतात. पण दहांपैकी सुमारे नऊ कर्करोग अस्तरपेशींचे असतात आणि त्यांतही पाच मुख्य उपप्रकार आहेत. हायग्रेड सीरस हा सर्वांत मोठा, सुमारे 70 टक्के. क्लिअर सेल आणि एंडोमेट्रिऑइड प्रत्येकी दहा टक्क्यांच्या आसपास. म्युसिनस आणि लोग्रेड सीरस त्याहून कमी. हे प्रमाण मुख्यतः युरोप-अमेरिकेतले आहे. जपानमध्ये क्लिअर सेलचा वाटा बराच जास्त आढळतो.

पाचांची मुळे वेगळी आहेत. हायग्रेड सीरसचा उगम बहुतेक वेळा अंडाशयात नसून गर्भनलिकेच्या झालरीसारख्या टोकाशी असतो, आणि त्यात टीपी53 हे जनुक जवळजवळ नेहमीच बिघडलेले असते. लोग्रेड सीरसमध्ये केरास, बीराफ अशा जनुकांतले बिघाड सापडतात. क्लिअर सेल आणि एंडोमेट्रिऑइड यांचे नाते एंडोमेट्रिऑसिसशी, म्हणजे गर्भाशयाचे अस्तर भलत्या जागी वाढण्याच्या आजाराशी आहे. या दोहोंत एआरआयडी1ए हे जनुक अनेकदा निकामी झालेले दिसते. म्युसिनस गाठीच्या बाबतीत तर पहिला प्रश्नच निराळा असतो : ही गाठ अंडाशयाचीच, की आतडे, जठर किंवा अपेंडिक्समधून तिथे पोचलेली?

मुळे वेगळी म्हणून उपचारही वेगळे. हायग्रेड सीरस प्लॅटिनमयुक्त केमोला सुरुवातीला चांगला प्रतिसाद देतो. लोग्रेड सीरस आणि क्लिअर सेल तसा देत नाहीत. लोग्रेडमध्ये लेट्रोझोलसारखी संप्रेरकविरोधी औषधे वापरतात. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ट्रॅमेटिनिब या औषधाने नेहमीच्या उपचारांपेक्षा रोग अधिक काळ रोखून धरला. रिपोर्टवरचा उपप्रकाराचा एक शब्द चुकला, तर पुढचे महिने चुकीच्या उपचारात जातात.

ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग-आकडेवारीच्या 2020 च्या अंदाजानुसार भारतात या कर्करोगाचे वर्षाला सुमारे 45,700 नवे रुग्ण आणि 32,000 मृत्यू होते. पोट फुगणे, भूक मंदावणे, चार घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटणे ही लक्षणे गॅस-अपचनावर ढकलली जातात. पोटात पाणी झाल्यावर बाई दवाखान्याची पायरी चढते, तोवर आजार बहुधा अंडाशयाबाहेर पसरलेला असतो. पैठण तालुक्यातल्या अशा बाईला आणि तिच्या गाठीच्या तुकड्याला सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागते. तिथे घाटी, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे आणि राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा असलेले शासकीय कर्करोग रुग्णालय आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड वाचणे हा आजवरचा निदानाचा आधार. त्याच्या जोडीला गाठीच्या डीएनएवरील मिथिलीकरणाच्या, म्हणजे एपिजेनेटिक खुणा वाचल्या तर उपप्रकाराचे निदान सुधारेल का, या प्रश्नाच्या दोन बाजू पुढील संवादात आहेत. एक बाजू जिल्ह्याच्या ठिकाणी रोज स्लाइड वाचणाऱ्या विकृतिशास्त्रज्ञाची, दुसरी रेणुजीवशास्त्राच्या संशोधिकेची.

सूक्ष्मदर्शक काय सांगतो

विकृतिशास्त्रज्ञ : मॅडम, पाच उपप्रकार वेगळे ओळखता येतात हेच मुळात सूक्ष्मदर्शकाने शिकवले. हायग्रेड सीरसमध्ये पेशींची केंद्रके मोठी, वेडीवाकडी आणि विभाजन भरपूर. क्लिअर सेलमध्ये पेशी काचेसारख्या स्वच्छ, काही ठिकाणी खिळ्याच्या डोक्यासारख्या पुढे आलेल्या. एंडोमेट्रिऑइडमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ग्रंथी. साध्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या स्लाइडवर यांतले बहुतेक ओळखू येतात. 2010 मध्ये कॅनडातल्या वेगवेगळ्या केंद्रांतील तज्ज्ञांनी नव्या निकषांनी एकाच संचातल्या गाठी वाचल्या, तेव्हा त्यांच्यात मोठी एकवाक्यता आढळली. हातच्या कंकणाला आरसा कशाला?

संशोधिका : सर, ती एकवाक्यता स्त्री-रोगांच्या गाठी रोज पाहणाऱ्या तज्ज्ञांमधली होती. सर्व प्रकारच्या बायोप्सी एकट्याने वाचणाऱ्या डॉक्टरांपुढे महिन्याला अंडाशयाच्या किती गाठी येतात?

विकृतिशास्त्रज्ञ : थोड्याच. म्हणून तर आयएचसी, म्हणजे पेशीतली ठरावीक प्रथिने रंगवून दाखवणारी तपासणी आहे. चार मार्कर पुरेसे बोलके आहेत : डब्ल्यूटी1, पी53, नॅप्सिन ए आणि प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर. डब्ल्यूटी1 पॉझिटिव्ह असेल तर गाठ सीरसच्या बाजूची. मग पी53 पाहायचा. रंग सगळ्या पेशींत गडद असेल किंवा एकाही पेशीत नसेल, तर दोन्ही वेळा टीपी53 बिघडलेले आहे, म्हणजे हायग्रेड. रंग ठिकठिकाणी कमीजास्त असेल तर लोग्रेड. नॅप्सिन ए क्लिअर सेलकडे बोट दाखवतो, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर एंडोमेट्रिऑइडकडे. या चौघांनी बहुतेक गाठींचा निकाल लागतो आणि ही सोय जिल्ह्याच्या ठिकाणी उभी करता येते.

संशोधिका : बहुतेक गाठींचा लागतो, हे मान्य. प्रश्न उरलेल्या गाठींचा आहे. काही हायग्रेड सीरस गाठी ग्रंथींच्या आकाराने वाढून एंडोमेट्रिऑइडचे सोंग घेतात. काही गाठींत दोन उपप्रकारांचे गुण मिसळलेले दिसतात. केमो आधी दिलेली असेल तर पेशी सुकून ओळखू येईनाशा होतात, आणि आपल्याकडे पोटात पाणी घेऊन आलेल्या बायकांना शस्त्रक्रियेआधीच केमो द्यावी लागण्याचे प्रसंग कमी नाहीत. पोटातल्या पाण्यातल्या पेशी किंवा सुईने काढलेला बारीक तुकडा एवढाच पुरावा हाती असतो.

विकृतिशास्त्रज्ञ : तिथे मात्र रिपोर्टमध्ये "अॅडेनोकार्सिनोमा" (ग्रंथिपेशींचा कर्करोग) एवढेच लिहून थांबावे लागते. ते उत्तर अपुरे असते, हे खरे.

खुणांची भाषा

या ठिकाणी एपिजेनेटिक्सचा अर्थ पाहावा लागतो. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांची तीच पोथी असते. यकृताची पेशी आणि गर्भनलिकेची पेशी यांच्यात फरक पडतो तो कोणता अध्याय उघडा आणि कोणता बांधलेला यामुळे. हे ठरवणारी एक मुख्य खूण म्हणजे मिथिलीकरण. डीएनएतील सायटोसिन या अक्षरावर, बहुधा त्याच्यापुढे ग्वानिन असेल अशा जागी, मिथिल गटाची छोटी टोपी बसते. माणसाच्या जनुकसंचात अशा सुमारे 2.8 कोटी जागा आहेत. जनुकाच्या प्रारंभी टोप्या दाटीने बसल्या तर ते जनुक सहसा मुके होते. अक्षरे बदलत नाहीत, वाचन बदलते. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरही अशाच खुणा असतात.

पेशी विभागली की मिथिलीकरणाचा नमुना पुढच्या पिढीच्या पेशींत उतरतो. त्यामुळे कर्करोगाच्या पेशीत दोन थर एकत्र सापडतात : ती कोणत्या ऊतीतून आली याची आठवण, आणि कर्करोग होताना झालेले नवे बदल. उपप्रकाराच्या निदानाला पहिला थर विशेष उपयोगी पडतो.

संशोधिका : पैठणच्या वाचकाला ही पद्धत पाठशोधनावरून चटकन समजेल. पैठणच्याच एकनाथ महाराजांनी शके 1506, म्हणजे 1584 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. एखादी हस्तलिखित प्रत कोणत्या परंपरेतली हे एका शब्दावरून ठरत नाही. शेकडो ठिकाणचे पाठ दुसऱ्या प्रतींशी ताडून पाहावे लागतात. मिथिलीकरणाचे वर्गीकरण असेच चालते. नव्या गाठीतल्या लाखो जागांवरच्या खुणा मोजायच्या, आधी पक्के निदान झालेल्या गाठींच्या संग्रहाशी ताडायच्या आणि ती कोणत्या गटात बसते ते पाहायचे. एका मार्करने चकवले तरी लाखो जागा एकाच वेळी चकवत नाहीत.

विकृतिशास्त्रज्ञ : दाखला योग्य आहे, आणि त्यातच या पद्धतीची मर्यादाही आहे. पाठशोधन हाताशी असलेल्या प्रतींवरच चालते. ज्या परंपरेची एकही प्रत संग्रहात नाही, तिची पोथी समोर आली तर ती कोणत्या तरी दुसऱ्याच परंपरेत ढकलली जाईल. हा मुद्दा पुढे पुन्हा काढावा लागेल.

चाचणी कशी होते

गाठीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवून मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवलेला असतो. विकृतिशास्त्रज्ञ स्लाइड पाहून कर्करोगाच्या पेशी दाट असलेला भाग आखून देतो आणि ब्लॉकचा तेवढाच भाग खरवडून डीएनए काढतात. त्यावर बायसल्फाइटची प्रक्रिया करतात. टोपी नसलेले सायटोसिन या प्रक्रियेत युरासिल होते, टोपी असलेले तसेच राहते. त्यामुळे टोपी असणे-नसणे हा फरक अक्षरांच्या फरकात उतरतो आणि यंत्राला वाचता येतो. मग नमुना चिपवर चढवतात. 2011 च्या सुमारास आलेली चिप साडेचार लाख जागा वाचत होती, 2016 ची साडेआठ लाखांहून अधिक. शेवटी संगणकाचा वर्गीकारक गटाचे नाव आणि खात्रीचा गुण देतो.

विकृतिशास्त्रज्ञ : म्हणजे कोणता भाग खरवडायचा हे सूक्ष्मदर्शकच ठरवणार. त्या भागात रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि आधारपेशी जास्त असतील तर त्यांच्याच खुणा मोजल्या जातील. दुसरे, डीएनए मुळात शाबूत हवा. गाठीच्या दहापट 10 टक्के बफर्ड फॉर्मेलिन हवे. मे महिन्यात, मराठवाड्याच्या उन्हात, गाठ सलाइनच्या डब्यात किंवा बोटभर फॉर्मेलिनमध्ये दिवसभर प्रवास करून आली, तर आतला गाभा सडलेला असतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

संशोधिका : तो दोष दोघांच्याही वाट्याला येतो, सर. सडलेल्या तुकड्यावर आयएचसीही खोटे बोलते. उलट मिथिलीकरणाची खूण डीएनएला रासायनिक बंधाने जोडलेली असते, त्यामुळे नीट साठवलेल्या जुन्या ब्लॉकमधूनही ती वाचता येते. आरएनएच्या चाचण्यांना ही सवलत नसते.

विकृतिशास्त्रज्ञ : आणि खर्च? या चिपवर एका वेळी आठ नमुने बसतात. आठ गाठी जमेपर्यंत थांबायचे, की एका बाईसाठी आख्खी चिप वापरायची?

संशोधिका : म्हणून ही चाचणी प्रत्येक जिल्ह्यात नको, मध्यवर्ती प्रयोगशाळेत हवी, जिथे अनेक जिल्ह्यांचे नमुने एकत्र येतील. शिवाय प्रत्येक प्रश्नाला चिप लागत नाही. एमएलएच1 किंवा बीआरसीए1 या एकेका जनुकाचे मिथिलीकरण पीसीआर किंवा पायरोसिक्वेन्सिंगने मोजता येते. नॅनोपोअर यंत्रे तर बायसल्फाइटशिवाय थेट खुणा वाचतात. 2023 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मेंदूच्या 25 शस्त्रक्रिया चालू असतानाच हा प्रयोग केला. दीड तासाच्या आत 18 गाठींचे बरोबर निदान झाले आणि उरलेल्या सातांत यंत्राने खात्री नसल्याचे सांगितले.

पुरावा

मिथिलीकरणाने निदान सुधारते याचा सर्वांत भक्कम पुरावा मेंदूच्या गाठींत आहे. जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथील गटाने 2018 मध्ये 2,801 गाठींच्या संग्रहावर उभा केलेला वर्गीकारक प्रसिद्ध केला. नंतर दैनंदिन निदानासाठी आलेल्या 1,104 गाठींवर तो वापरला, तेव्हा सुमारे 12 टक्के रुग्णांचे मूळ निदान बदलले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मेंदूच्या गाठींच्या वर्गीकरणात या पद्धतीला स्थान मिळाले.

विकृतिशास्त्रज्ञ : मेंदूत गाठींचे प्रकार शंभराच्या घरात आणि तुकडा हरभऱ्याएवढा. तिथे यंत्राची गरज समजते. अंडाशयात प्रकार थोडे, गाठ नारळाएवढी, मार्कर उत्तम. तिथला पुरावा इथे उसना आणता येणार नाही.

संशोधिका : अंडाशयाचा स्वतःचा पुरावाही आहे. 2013 मध्ये एचएनएफ1बी या जनुकाविषयी एक महत्त्वाचा अभ्यास आला. सीरस कर्करोगात हे जनुक मिथिलीकरणाने अनेकदा मुके झालेले असते आणि क्लिअर सेलमध्ये टोप्यांशिवाय चालू असते. एकच जनुक, दोन उपप्रकारांत उलट खुणा. म्युसिनस गाठीचा प्रश्नही घ्यावा. मूळ जागा न सापडलेल्या कर्करोगांवरचा एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मिथिलीकरणाच्या आधारे 216 पैकी 188 रुग्णांत मूळ अवयवाचा अंदाज बांधता आला. अंडाशयातली म्युसिनस गाठ पोटातल्या दुसऱ्या अवयवातून आली असण्याची शंका असेल, तर हे तत्त्व नेमके तिथेच लागू पडते.

विकृतिशास्त्रज्ञ : त्या शंकेवर आम्ही आधी साधे उपाय करतो. गाठ दोन्ही अंडाशयांत आहे का, लहान आहे का, पृष्ठभागावर आहे का, हे पाहतो. सीके7, सीके20, एसएटीबी2 हे मार्कर लावतो आणि दुर्बिणीने आतडे व जठर तपासायला सांगतो. तरीही काही गाठी दाद देत नाहीत, त्यांच्यासाठी तुमची चिप असू द्या.

बीआरसीए1 : खूण आणि औषध

मिथिलीकरणाचा दुसरा उपयोग एका उपप्रकाराच्या आतला आहे. अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम अॅटलस प्रकल्पाने 2011 मध्ये हायग्रेड सीरसच्या 489 गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या सुमारे 96 टक्के गाठींत टीपी53 बिघडलेले होते. बीआरसीए1 किंवा बीआरसीए2 मध्ये उत्परिवर्तन असलेल्या गाठी पाचांत एक. आणखी सुमारे 11 टक्के गाठींत बीआरसीए1 ची अक्षरे ठीक होती, पण मिथिलीकरणाने ते मुके झाले होते. हे जनुक डीएनएची मोडतोड दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेतले आहे. ती यंत्रणा निकामी झालेल्या गाठींवर ओलापॅरिबसारखी पार्प-रोधक औषधे अधिक परिणाम करतात.

संशोधिका : म्हणजे अक्षरे वाचणाऱ्या चाचणीत "बीआरसीए ठीक" आलेल्या काही बायकांच्या गाठीत ते जनुक प्रत्यक्षात बंद असते. खुणा वाचल्या नाहीत तर हे कळतच नाही.

विकृतिशास्त्रज्ञ : त्याच 2011 च्या अभ्यासातला पुढचा भागही सांगायला हवा. उत्परिवर्तन असलेल्या रुग्णांचे आयुष्यमान इतरांपेक्षा चांगले होते. केवळ मिथिलीकरण असलेल्यांना तो फायदा दिसला नाही.

संशोधिका : त्याचे एक कारण पुढे उलगडले. 2018 मधल्या एका अभ्यासाने दाखवले की गाठीतल्या बीआरसीए1 च्या सगळ्या प्रती मिथिलीकृत असतील तरच रुकापॅरिब हे पार्प-रोधक औषध नीट लागू पडते. एक प्रत जरी उघडी राहिली तरी दुरुस्ती चालू राहते आणि औषध हरते. केमोच्या माऱ्यात टोप्या गळूनही पडतात. म्हणून रिपोर्टमध्ये "मिथिलीकरण आहे" एवढे लिहून भागत नाही. किती प्रमाणात आहे आणि तुकडा केमोच्या आधीचा की नंतरचा, हे लिहावे लागते.

विकृतिशास्त्रज्ञ : ही शिस्त पाळली तर आक्षेप राहणार नाही. आणखी एक बाब कुटुंबाच्या दृष्टीने मोलाची आहे. भारतातल्या अनेक केंद्रांत मिळून 239 रुग्णांवर केलेल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे चौथ्या हिश्श्यात बीआरसीएचे उत्परिवर्तन सापडले. असे उत्परिवर्तन रक्तात असेल तर बहिणी आणि मुलींनाही तपासावे लागते. गाठीतले मिथिलीकरण मात्र बहुधा त्या गाठीपुरतेच असते.

संशोधिका : एंडोमेट्रिऑइड गाठीत एमएलएच1 चे असेच आहे. हे प्रथिन दिसले नाही तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक आजाराची शंका येते. पण त्या जनुकावर मिथिलीकरण सापडले, तर कारण बहुतेक वेळा आनुवंशिक नसते. एका स्वस्त चाचणीने अख्ख्या घराची चिंता कमी होते.

खुणा किती स्थिर?

या विषयावर महाराष्ट्रात काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. शर्मिला बापट यांच्या गटाने 2005 मध्ये अंडाशयाच्या कर्करोगातील मूलपेशींसारख्या पेशींवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढच्या टप्प्यातल्या रुग्णाच्या पोटातल्या पाण्यातून मिळालेल्या पेशींवर तो आधारलेला होता. 2010 मध्ये याच गटाने सहकाऱ्यांसह दाखवले की अंडाशयाच्या कर्करोगपेशींत काही जनुकांवर अनेक प्रकारच्या खुणा एकत्र असतात आणि भोवतालच्या परिस्थितीनुसार त्या जनुकांचे वागणे बदलू शकते. पुण्याच्याच आयसर संस्थेत डॉ. संजीव गलांडे यांच्या नेतृत्वाखाली एपिजेनेटिक्सचे विशेष केंद्र उभे राहिले. नवी मुंबईत खारघर येथील अॅक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेतही हिस्टोनच्या खुणांवर आणि अंडाशयाच्या कर्करोगाच्या औषधरोधावर स्वतंत्र गटांनी काम केले आहे.

विकृतिशास्त्रज्ञ : पुण्याचाच निष्कर्ष माझ्या आक्षेपाला बळ देतो. परिस्थितीनुसार खुणा बदलत असतील, तर त्यांच्यावर निदानाची इमारत कशी उभारायची?

संशोधिका : कोणत्या खुणा, हे पाहावे लागेल. पेशी औषधाला किंवा प्राणवायूच्या तुटवड्याला उत्तर देते ते काही ठरावीक जनुकांवर, आणि त्यात हिस्टोनच्या खुणांचा वाटा मोठा असतो. ऊतीची मूळ ओळख सांगणारे डीएनएवरचे मिथिलीकरण लाखो जागांवर पसरलेले असते आणि बरेच स्थिर असते. बदलणाऱ्या खुणा औषधरोध समजायला उपयोगी, स्थिर खुणा निदानाला. एकीचे काम दुसरीवर टाकू नये.

विकृतिशास्त्रज्ञ : हा भेद मान्य. आणखी एक भेद वाचकांपुढे ठेवायला हवा. हे सारे गाठ सापडल्यानंतरच्या निदानाविषयी आहे. लक्षणे नसलेल्या बायकांत आजार लवकर शोधण्याविषयी नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर सीए-125 या रक्ततपासणीची आणि सोनोग्राफीची चाचणी झाली. 2021 च्या निष्कर्षात मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. रक्तातल्या मिथिलीकरणावर लवकर निदानाचे प्रयोग चालू आहेत, पण त्यांच्या भरवशावर कोणी पोटदुखी अंगावर काढू नये.

संग्रह कोणाचा?

विकृतिशास्त्रज्ञ : आता मघाचा मुद्दा. हायग्रेड सीरसचा तो 489 गाठींचा पायाभूत संग्रह मुख्यतः अमेरिकी स्त्रियांचा. मराठवाड्यातल्या स्त्रीचे वय, बाळंतपणे, आहार, लहानपणीचे जंतुसंसर्ग वेगळे. मिथिलीकरणावर वयाचा आणि परिस्थितीचा परिणाम होतो, हे तुमचेच शास्त्र सांगते. मग त्या संग्रहाने दिलेला खात्रीचा गुण इथे तितकाच खात्रीचा कसा?

संशोधिका : उपप्रकाराची ओळख देणाऱ्या खुणा वयाच्या खुणांपेक्षा खूप ठळक असतात, त्यामुळे मोठी चूक होऊ नये. तरीही आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर एकच : इथल्या गाठी संग्रहात घालणे. गुण ठरलेल्या मर्यादेखाली आला तर वर्गीकारकाने "ओळख पटली नाही" असे म्हणायचे असते. मेंदूच्या गाठींसाठी हायडेलबर्गने ही मर्यादा 0.9 ठेवली होती. अशा ओळख न पटलेल्या गाठीच फेकून न देता नीट जपायला हव्यात.

विकृतिशास्त्रज्ञ : त्याची सुरुवात साध्या नोंदीपासून होते. देशातली पहिली कर्करोग नोंदणी 1963 मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. पुढे पुणे, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, इथेही सोसायटीच्या नोंदण्या सुरू झाल्या. ग्रामीण भागातली देशातली पहिली नोंदणी 1987 पासून बार्शीची. या नोंदींत गाठीच्या प्रकाराला आकडी संकेत असतो. हायग्रेड सीरसला 8461, लोग्रेडला 8460, क्लिअर सेलला 8310, एंडोमेट्रिऑइडला 8380. पण रिपोर्टवर नुसते "अॅडेनोकार्सिनोमा" असेल तर 8140 लागतो, आणि त्या बाईचा उपप्रकार नोंदीतून कायमचा हरवतो. आपल्या भागात क्लिअर सेल किती, लोग्रेड किती, हे कळण्याची पहिली अट म्हणजे रिपोर्टवर पूर्ण नाव.

संशोधिका : आणि दुसरी अट म्हणजे ब्लॉक सांभाळणे. नोंद, स्लाइड, ब्लॉक आणि पुढे रुग्णाचे काय झाले याची माहिती, या चार गोष्टी जोडलेल्या असतील तरच तो नमुना संग्रहाच्या कामाचा. त्यासाठी रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमतीही हवी, आणि ती तिच्या भाषेत घेतलेली हवी.

पायऱ्यांचा क्रम

दोन्ही बाजूंचे म्हणणे एकत्र केले तर निदानाचा पुढील क्रम निघतो.

पहिली पायरी शस्त्रक्रियेच्या टेबलावरची आहे. गाठ गर्भनलिकांसह पूर्ण पाठवावी, मोठी गाठ चिरून पुरेशा बफर्ड फॉर्मेलिनमध्ये ठेवावी आणि काढल्याची वेळ लिहावी. केमो आधी द्यायची असेल तर त्यापूर्वीच सुईने तुकडा काढून ब्लॉक करावा.

दुसरी पायरी स्लाइडची. गर्भनलिकेचे झालरीसारखे टोक लांबीने बारीक कापून पूर्ण तपासावे. हायग्रेड सीरसचा उगम तिथेच सापडण्याची शक्यता असते आणि या तपासणीला वेगळे यंत्र लागत नाही. तिसरी पायरी चार मार्करच्या आयएचसीची.

चौथी पायरी दुसऱ्या मताची. शंका उरली तर स्लाइड आणि ब्लॉक विशेष केंद्राकडे जावेत. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने 2012 मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे देशातली कर्करोग केंद्रे एकमेकांशी जोडली गेली आहेत. अशा जाळ्यातून रुग्णाने मुंबई गाठण्याऐवजी तिचा ब्लॉक पुढे पाठवता येतो.

पाचव्या पायरीवर मिथिलीकरणाची चिप येते : मिसळलेल्या गुणांच्या गाठी, केमोनंतर ओळखू न येणाऱ्या पेशी, म्युसिनस गाठीचे अनिश्चित मूळ आणि तज्ज्ञांत मतभेद असलेल्या गाठी यांच्यासाठी. तिचा निकाल स्लाइडशी जुळवूनच वाचावा. दोहोंत विरोध आला तर पुन्हा दोन्ही तपासावेत. हायग्रेड सीरसचे निदान पक्के झाल्यावर बीआरसीएची रक्तचाचणी करावी. तीत काही न सापडल्यास गाठीतले उत्परिवर्तन आणि बीआरसीए1 चे मिथिलीकरण प्रमाणासह मोजण्याचा विचार व्हावा. एंडोमेट्रिऑइड गाठीत एमएलएच1 प्रथिन नसेल तर त्याचे मिथिलीकरण पाहावे.

विकृतिशास्त्रज्ञ : या क्रमात पहिल्या चार पायऱ्या आजही चढता येतात आणि बहुतेक बायकांचे निदान तिथेच पूर्ण होते. त्या कच्च्या ठेवून पाचवीवर पैसा घालणे चूक ठरेल.

संशोधिका : आणि पाचवी नाकारली, तर चार पायऱ्या नीट चढूनही अडकलेल्या बाईला "अॅडेनोकार्सिनोमा" या एका शब्दावर परत पाठवावे लागेल. ती संख्येने थोडी आहे म्हणून तिचा उपचार अंदाजावर सोडणे योग्य नाही.

दोघांच्या मतभेदाचे क्षेत्र आता लहान उरते. सूक्ष्मदर्शक आणि चार मार्कर हा पाया. मिथिलीकरण हा त्यावरचा मजला. पाया कच्चा असेल तर मजला उभा राहत नाही, हे विकृतिशास्त्रज्ञाचे म्हणणे सिद्ध आहे. काही गाठींचे उत्तर फक्त त्या मजल्यावरून दिसते, हे संशोधिकेचे म्हणणेही सिद्ध आहे. वर्गीकारक मराठवाड्यातल्या स्त्रीसाठी किती विश्वासार्ह ठरेल हे तिच्यासारख्या स्त्रियांच्या गाठी पूर्ण नावाने नोंदल्या, जपल्या आणि संग्रहात पोचवल्या जातात की नाही यावर ठरेल. ते काम पैठणच्या रुग्णाची गाठ ज्या डब्यात ठेवली जाते, त्या डब्यातल्या फॉर्मेलिनपासून सुरू होते.